डूगलचा पाय

क्रेल, ३ ऑक्टोबर १८६८

ती. आर्चीदादास,
सा. न. वि. वि.

चहा पोचला. हे अंथरुणाला खिळलेत, डॉक्टर नुसती मान हलवून जातो. तुझी थट्टा मात्र चालूच. म्हणतात, तुझा भाऊ प्रोफेसर झाला तो माझ्या पायावर उभा राहून.

त्या पायासाठीच लिहितेय. क्रिमियाच्या लढाईत तू तो कापलास म्हणून आपण जगलो, असं हे गावभर सांगतात. आता मात्र तो त्यांना परत हवाय, सोबत पुरायला. शेवटच्या दिवशी सगळे थडग्यांतून उठतील तेव्हा मी काय लंगडी घालत जाऊ, विचारतात. हसू नकोस. लगेच पाठव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी एफी

एडिनबरा, ७ ऑक्टोबर

चि. एफीस,
अनेक आशीर्वाद.

डूगलला सांग, देवाला एडिनबराचा पत्ता माहीत आहे. अगं, रशियन गोळी रुतलेलं असं हाड दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नाही. कपाटातून काढलं की पोरं बाकांवर चढून बघतात. येत्या बुधवारी गोळीच्या जखमांवर लेक्चर आहे. तेवढं होऊ दे, लगेच पाठवतो. डूगल दणकट आहे, माझ्या करवतीला पुरून उरलाय तो.

रागावलीस तरी लोभ ठेव.
आर्ची

क्रेल, १९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न.

हे बुधवारी गेले. पेटीत ठेवताना पाद्री आले, शेजारी जमले. टपालाची वाट बघत मी झाकणाला खिळे ठोकू देत नव्हते. शेवटी पाद्री म्हणाले, एफी, पुरे आता. शनिवारी पुरलं. तुझं खोकं आज आलं.

जाताना ह्यांनी विचारलं, पोचला का. मी हो म्हटलं. पांघरुणाखाली तुमच्या शेजारीच ठेवलाय म्हटलं. ते चाचपायला हात खाली नेत होते. मी तो हात धरून ठेवला. दादा, त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

एफी

एडिनबरा, २२ ऑक्टोबर

चि. एफीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ. बुधवारी तू त्याचा हात धरून बसली होतीस, तेव्हा मी त्याचं हाड वर धरून पोरांना दाखवत होतो. टाळ्यासुद्धा घेतल्या.

शनिवारी येतोय. पाद्रींना लिहिलंय. थडगं उघडायला नाही म्हणाले तर त्यांच्या दारात बसेन. खणायला कुणाला बोलावू नकोस, मीच खणणार. तू डूगलला सांगितलंस ते मला खरं करू दे.

लोभ मागत नाही. दार उघड, एवढंच.
आर्ची