साडेआठशेचा कार्बोरेटर

१४ सप्टेंबर, शनिवार
मोठ्या कामाची नोंद ठेवलेली बरी, म्हणून आजपासून ही वही.
डॅड १२ ऑक्टोबरला कायमचे ॲरिझोनाला चालले, माझ्या बहिणीकडे, बेव्हकडे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ओहायोचा हिवाळा झेपत नाही, असं बेव्हचं म्हणणं. विमानतळावर त्यांना मी सोडणार, तेही त्यांच्या जुन्या शेव्हेल गाडीतून, असं माझं म्हणणं. त्यांनी ती एकोणसत्तर साली कोरी घेतली होती. सहा वर्षांपूर्वी किल्ली माझ्या हातात देताना फक्त म्हणाले, चालती ठेव. गेल्या उन्हाळ्यापासून ती चालत नाही, हे त्यांना सांगितलेलं नाही.
आज फोनवर डॅडना बेत सांगितला. ते म्हणाले, खरंच? मी म्हणालो, म्हणजे काय.
दोष कार्बोरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला पाजणाऱ्या डब्याचा. काम एका दुपारचं. हाताशी चार आठवडे. उगाच घाई नको.

१५ सप्टेंबर, रविवार, दुपारी ४
जुना कार्बोरेटर खोलला, धुतला, जोडला. तीन स्क्रू आणि एक बारीक पितळी छर्रा उरला. कंपनीवाले जास्तीचे देत असावेत.

संध्याकाळी ७
चहूबाजूंनी पेट्रोल गळतंय. पन्नास वर्षांचा जीव, किती ओढणार बिचारा. नवाच घ्यायचा. मनातून मला हेच हवं होतं.

१८ सप्टेंबर, बुधवार
शेजारचा लाइल येऊन गेला. चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेत, त्यामुळे नजर जरा ट्रकपुरतीच. म्हणाला, वॉरेन, इंजिन तुझं साधं साडेतीनशे घनइंचांचं. सहाशेचा कार्बोरेटर घे, चोकवाला. लाव आणि विसरून जा.
मिनिटाला सहाशे घनफूट हवा. एवढी तर आमचा व्हॅक्युम क्लीनर ओढतो.
मी गालिचे विकतो. मोजमाप हा माझा प्रांत. सूत्र शोधलं: इंजिनचा आकार गुणिले जास्तीत जास्त फेरे, आणि मग भागाकार. लाइल म्हणाला, फेरे साडेपाच हजार धर. मी आठ हजार धरले. इंजिन आठ हजारांवर कधी गेलेलं नाही, पण त्याला तशी संधी तरी कोणी दिली? उत्तर आठशे दहा. हात थोडा सढळ ठेवला, म्हणून साडेआठशे. मी लाइलला म्हणालो, गणित खोटं बोलत नाही. तो म्हणाला, गणित नाही बोलत, मांडणारा बोलतो. आणि माझी कॉफी संपवून गेला.

२४ सप्टेंबर, मंगळवार
आला. चकचकीत. तासभर जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसता बघत बसलो. नदीनने त्याच्या भोवतीने ताटं मांडली.
तिने विचारलं, चोक कुठाय? शेतावर वाढलेली बायको करून घेतली की हे होतं. मी सांगितलं, हा शर्यतीचा आहे, याला चोक नसतो. चोक म्हणजे थंडीत इंजिनला चमच्याने दूध पाजणं. ती म्हणाली, बारा ऑक्टोबरला पहाटे दव गोठलेलं असेल. मी म्हणालो, कार्बोरेटर आहे, भोपळा नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार
बसत नाही. इंजिनवरची भोकं दोन लहान, दोन मोठी. नव्याची चारही सारखी. दोष इंजिनचा. मध्ये घालायची जाड चकती मागवली.
डॅडचा फोन. विचारलं, गाडी कशी आहे? म्हणालो, मस्त.

३ ऑक्टोबर, गुरुवार
चकती बसली. कार्बोरेटर बसला. आता बॉनेट बसत नाही, तीन बोटं फट राहते. सामान बांधायच्या पट्ट्याने आवळलं. हवा खेळती राहते, हा फायदाच.
ठराव: लाइलचा सल्ला घेणं बंद.

५ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी ३
चालू झाली! चार मिनिटं. आवाज असा की ऊर भरून आला.

दुपारी ३.३०
काळा धूर. समोरच्या मिसेस पॉडेस्टांनी रस्त्यापलीकडून विचारलं, फायर ब्रिगेडला फोन करू का? पेडल दाबलं की गाडी गचका खाते आणि मरते. प्लग कोळशासारखे काळे.
लाइल न बोलावता आला. नुसता वास घेतला. म्हणाला, इंजिनला तहान पेलाभर, तू वर बादली उपडी करतोयस. अंथरूण पाहून पाय पसर की रे. मग जरा हळू म्हणाला, माझ्या शेडमध्ये सहाशेचा एक पडून आहे, चालू आहे. अर्ध्या तासात घालू. कोणाला सांगायचीही गरज नाही.
मी नको म्हणालो.
का, ते इथे लिहायला हरकत नाही. डॅडनी बॉनेट उघडून बघावं आणि म्हणावं, वॉरेन, छान केलंस. त्रेपन्न वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. लाइलचा कार्बोरेटर दिसला, तर ते लाइलला शाबास म्हणतील. मला ते सोसणार नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार
आठही प्लग बदलले. स्क्रू पाव पाव फेरा फिरवून प्रत्येक फेऱ्याची नोंद केली. नंतर कुठला कागद कुठल्या स्क्रूचा ते कळेना. तरी अकरा मिनिटं चालली. याच हिशेबाने शनिवारपर्यंत तासभर चालायला हरकत नाही. विमानतळ पन्नास मिनिटांवर.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
पॉलिश केलं. बेव्ह भाड्याच्या गाडीतून आली. विचारलं, ही नक्की चालते ना? म्हणालो, आवाज तर ऐक. ती म्हणाली, तो मिसेस पॉडेस्टांनी फोनवर ऐकवला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ६.४०
काचेवर दव गोठलंय. नदीन काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी ७.१०
बेव्हने डॅडना आणलं. कोट, टाय. विमानाने जायचं तर ते टाय लावतातच. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवरच्या पट्ट्यावर जरा वेळ हात ठेवला. मग बाजूच्या सीटवर बसले. चौथ्या किल्लीला पेटेल.

दुपारी २
सहाव्या किल्लीला पेटली. गॅरेजबाहेर काढली. डॅडनी काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं. फाटकाशी पेडल दाबलं. गचका. बंद. किल्ली फिरवत राहिलो, बॅटरी बसेपर्यंत.
डॅडनी विचारलं, कितीचा लावलास? सांगितलं. समोर बघत म्हणाले, सहाशेचा पुरला असता.
शेव्हेल वाटेत आडवी, बेव्हची गाडी आत अंगणात अडकलेली, विमान साडेदहाचं. म्हणजे आधी ही मागे गॅरेजकडे ढकलायची, तीही चढावर. लाइल अंगावरच्या ड्रेसिंग गाउनवरच धावत आला. मी दारातून स्टीअरिंग धरून ढकलत होतो, लाइल आणि नदीन पुढून. गाडी हलेना. तेव्हा डॅड उतरले. बेव्ह नको नको म्हणत होती. त्यांनी टाय खांद्यावरून मागे टाकला, हेडलाइटपाशी दोन्ही हात लावले आणि म्हणाले, चला, मी तीन म्हटलं की ढकला. त्यांच्या तीनवर गाडी हलली.
ज्या गाडीतून त्यांना मिरवत न्यायचं होतं, ती त्यांनाच ढकलायला लावली. लाजेने मेलो.
मी बेव्हच्या गाडीत बसायला निघालो, तर म्हणाले, तू राहा. बॅटरी चार्जला लाव, थंडीत मरेल. माझा हात हातात घेतला. हात दोघांचेही काळे. मग गेले.
बॅटरी चार्जला लावली.

१३ ऑक्टोबर, रविवार
डॅडचा फोन. पोचले. ऊन आहे, खोली बरी आहे.
म्हणाले, गाडी ढकलताना लाइल बोलला, त्याच्याकडे सहाशेचा आहे. तो घालून घे. मी म्हणालो, आजच घालतो. म्हणाले, तू नको. लाइलला घालू दे.
मी बरं म्हणालो. मग म्हणाले, तू टॉर्च धर त्याला, लहानपणी मला धरायचास तसा. आणि हलवू नकोस.
लाइल तीनला येतोय. टॉर्चमध्ये नवे सेल घातले.