खिंडीपाशी अडलेलं चित्र

१२ फेब्रु. १९६३, वडगाव
कोर्टाचा जिना चढलो, पक्षकारांसमोर धापा टाकल्या. वय सत्तेचाळीस, कारकुनी पोट. चैत्रात देवीची पालखी गडावर जाते. शेवटच्या चढाला पुढची दांडी आमच्या घराची. गेल्या साली खिंडीच्या वळणावर दम तुटला, चुलतभाऊ रामभाऊने खांदा दिला. सलग दोन वर्षं दांडी सोडली की मान खांदा देणाऱ्याच्या घरात जातो, ही गावची रीत. वडिलांनी, आबांनी, म्हातारपणीसुद्धा सोडली नव्हती. मी सोडणार नाही.

१४ फेब्रु.
लोणावळ्यास गेलो. योगवर्गाचे मास्तर म्हणाले, "पहाटे जाग आली की डोळे मिटूनच राहा. आपण डोंगर चढतोय असं बघा. पाय आपोआप निघतील." बघू.

२० फेब्रु.
रोज बघतोय. मी वर पोचलोय, गुलाल, सगळे वाहवा करताहेत. इतकं समाधान होतं की पुन्हा डोळा लागतो. चढणं एकदाही नाही. ही म्हणाली, "देवी गडावर आणि भक्त गोधडीत." राग आला. खरं होतं म्हणून जास्तच.

२१ फेब्रु.
तोडगा हिचाच. "वरचा गुलाल कशाला बघता? आधी खाटेखालच्या चपला बघा."
तेवढंच बघितलं. चपला, गार फरशी, दाराची कडी, मागच्या टेकडीची पहिली चढण, पोटरीतली कळ. उठलो. अर्ध्यातून परत आलो, पण गेलो.

१० मार्च, रवि.
स. गाडीने कामशेत, तिथून गावी. दांडीच्या सरावाला खांद्यावर ओला बांबू घेऊन गड चढलो. खिंडीपर्यंत ठीक, पुढे बसलो. उतरताना रामभाऊ बांधावर भेटला. "दादा, जिवाला तरास करून घेऊ नगा. यंदा बी मी हाये की." मनात काळंबेरं नाही त्याच्या. त्याचाच जास्त त्रास होतो.

२६ मार्च
पट्टा एक भोक आत. ही भाकरी वाढताना हसली फक्त.
डोळे मिटले की सगळी वाट दिसते. उंबर, ढासळलेली पायरी, खिंड. वळणावर मात्र दरवेळी रामभाऊचा हात दांडीखाली येतो आणि चित्र थांबतं. लहानपणापासून पायाखालची वाट, पण पुढे दिसतच नाही. भीती वाटते. तरी उद्या टेकडी आहेच.

८ एप्रिल, पहाटे, गावी
आज पालखी. उठण्याआधी पुन्हा बघितलं. वळण आलं, हात आला. मी म्हणालो, "रामा, जरा थांब." तो थांबला. पुढच्या दोन पायऱ्या दिसल्या. त्यापलीकडे अजून काही नाही.
ही चहाला हाक मारतेय. पालखीला अनवाणीच जायचं असतं. चपला आज खाटेखालीच राहू देत.