पोळ्याला कापलेली कमान

मी, मंदाबाई जीवराम फेगडे, वय बासष्ट, धंदा शेती, राहणार मौजे बोरखेडे, तालुका यावल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. डोके ठिकाणावर आहे. ज्यांना त्याबद्दल शंका असेल त्यांनी आधी स्वतःचे तपासून घ्यावे.

१. राहते घर आणि विहिरीसह केळीची बाग मुलगा रुपचंद याला द्यावी. थोरला लीलाधर आता नाही. त्याचे लग्नही व्हायचे होते.

२. माझ्या पाटल्या सून बेबाबाई हिला. पितळेची भांडी नणंद शेवंताबाई हिला. ती माझ्यासाठी रडेल, पण आधी भांड्यांना पोचे किती ते बघेल.

३. आता ट्रॅक्टर. माझे यजमान तरुणपणी जळगावच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. तिथे मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी नसली तर सरकारी तपासनीस मशीन बंद करायचा. शेतात कोण तपासनीस येतो? म्हणून ट्रॅक्टर घेतल्यावर यजमानांनी गावच्या वना लोहाराकडून बैठकीच्या मागे जाड नळ्यांची उंच कमान बसवून घेतली. ट्रॅक्टर उलटला तरी चालवणारा चेंगरू नये, एवढाच हेतू. गाव तिला पिंजरा म्हणून हसले.

पोळ्याला वेशीतून सर्वांत पुढे आमच्या घरचा बैल जातो. यजमान वारल्यावर दीर पितांबर यांनी बैल विकून टाकले. मग पोळा आला आणि मान जाऊ नये म्हणून त्यांनी ट्रॅक्टरलाच झूल घातली, धुराड्याला बाशिंग बांधले. वेस बुटकी, कमान अडली. मागे सगळे गाव बैल धरून उभे.

मी म्हणाले, "भाऊजी, ट्रॅक्टर मांगे घ्या. एखाद्या साली दुसऱ्याचा बैल जाऊ द्या पुढे."

"वयनी, दोन नळ्यांसाठी घराण्याचा मान घालवू का? दिवाळीले पुन्हा बसवून देतो."

आणि वाजंत्री चालू असताना त्यांनी आमच्याच घरून करवत मागवून कमान कापली. लोकांनी गुलाल उधळला. दिवाळी आली, गेली. थंडीत केळीने भरलेली ट्रॉली नाल्यात रुतली. लीलाधर ट्रॅक्टरने ती ओढायला गेला. पुढची चाके उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे त्याच्यावर उलटला. दहाव्याला हेच दीर म्हणाले, नशिबात होते. नशिबाने करवत धरली नव्हती. मला या माणसाची किळस येते. त्यांच्या घरचे पाणीही मी पीत नाही.

४. सबब पितांबर यांना माझ्या मिळकतीतून फक्त ती करवत द्यावी. मोरीत पडली आहे. तिला गंज चढला असला तरी त्यांनी देव्हाऱ्यात पुजावी.

५. ट्रॅक्टर दुरुस्त झाला, कमान मात्र बसली नाही. आता त्यावर रुपचंद बसतो. भावाला ज्या बैठकीखालून मेलेला काढले, त्याच बैठकीवर. कमानीचे नाव काढले की म्हणतो, "माय, लोकं हासतीन मले." पोटचा गोळा आहे, पण अक्कल काकाची. म्हणून ट्रॅक्टर त्याला नाही, बेबाबाईला देत आहे. घट्ट बसवलेल्या कमानीशिवाय तिने तो कोणालाही चालवू देऊ नये. नवऱ्याला तर नाहीच. पोळ्याला वेशीतून न्यायचा असेल तर वेस पाडावी.

हे कलम माझ्या मरणानंतरच लागू होते, असे वकील म्हणाले. म्हणजे मी जगेन तोवर पोरगा तसाच बसणार. वकिलाला मुले असतील असे वाटत नाही. आज सकाळी मी किल्ली काढून बेबाच्या कमरेला बांधली. ट्रॅक्टर अंगणात उभा आहे. रुपचंद रागाने जेवला नाही. ताट झाकून ठेवले आहे. उपाशी पोरगा आज ना उद्या ताटावर येतो, हे मला माहीत आहे. थोरल्याचे ताट वाढणेही मी अजून थांबवलेले नाही.

येणेप्रमाणे लिहिलेले वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: मंदाबाई जीवराम फेगडे

साक्षीदार:
१. वना लोहार, राहणार बोरखेडे (अंगठा)
२. सुरेशचंद, किराणा दुकानदार, यावल (सही)

मौजे बोरखेडे, ता. ११ जून १९७४