मास्तरांच्या डाव्या हातासाठी

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही, म्हणजे दुखत असणार.

इकडे आमच्या चर्चने शेजारप्रेम मंडळ काढलं आहे आणि मी त्यात आहे. हसू नकोस. गल्लीतली निम्मी घरं मुसलमानांची, आणि इतकी वर्षं आपण एकमेकांना फक्त जिन्यात वाट देतो, असं मॅनेजर म्हणाले. तेच ते, बँकेतून निवृत्त झालेले. आता मंडळाचे अध्यक्ष आहेत. शनिवारी आम्ही गल्लीतलं गटार साफ करतो आणि रविवारी शेजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतो. प्रत्येकाने एका शेजाऱ्याची अडचण चिठ्ठीवर लिहून द्यायची असते. मी अर्थात समोरच्या दारातल्या शिंपीमास्तरांची दिली. त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला आहे. हे त्यांनी फक्त मला सांगितलं, यावरून आमची मैत्री कुठवर आली ते बघ.

आहे तशीच माया ठेव, थोडी कमी बोल.
तुझा धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. हसू नकोस म्हणालास, म्हणून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग लिहायला बसले.

गटार साफ करताय ते चांगलंच आहे. फोटो काढायला कोण उभं असतं तेवढं कळव. तुमच्या मॅनेजरांना मी ओळखते. त्यांची आई माझ्या वॉर्डात होती, तेव्हा ते तिच्या खाटेपेक्षा मोठ्या डॉक्टरांच्या केबिनपाशी जास्त दिसायचे.

आणि तू रे शहाण्या, फक्त तुला सांगितलेली गोष्ट चिठ्ठीवर लिहून दिलीस आणि वर तिला मैत्री म्हणतोस? ती चिठ्ठी पुढे कुठे जाते, विचारलंस का? चौतीस वर्षं नर्सगिरी केली मी. पेशंटचा कागद चारचौघांत वाचायचा नसतो, हे आमच्या झाडूवालीलाही कळायचं.

गुडघा ठीक आहे. बाकी तब्येतीचं काही कळवणार नाही. तुमच्या चर्चमध्ये माझं नाव मोठ्याने वाचलेलं मला नको आहे.

लोभ आहेच, तो छापून वाटू नकोस.
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू म्हणालीस तेच झालं. चिठ्ठ्या साप्ताहिक पत्रकात छापल्या. 'शिंपीमास्तरांच्या थरथरत्या हातास आराम पडावा', ठळक अक्षरांत. दोनशे प्रती चर्चच्या दारात वाटल्या.

चर्चमधल्या निम्म्या बायकांचे कपडे मास्तरांकडेच असतात. सोमवारपासून एकेक जण जिना चढून आली आणि आपलं कापड परत घेऊन गेली. प्रत्येकीने त्यांना गोड आवाजात विश्रांती घ्यायला सांगितलं. शेवटी मॅनेजर आले. गायकमंडळाचे बावीस झगे शिवायला टाकले होते. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून दारातच लांबलचक प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि गठ्ठा उचलला.

मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. सहा दिवस झाले, मशीनचा आवाज नाही. त्यांचं घर त्या मशीनवर चालतं, ताई. मला लाज वाटते. काय करू?

तुझा
धाकटा

ता. १ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. देवाकडे बरा हात मागायचा आणि त्या हातातलं काम काढून घ्यायचं, हे तुमच्या मंडळालाच सुचावं. आता माफीची सभा भरवू नका, नाहीतर तिचंही पत्रक काढाल.

मी सांगते तसं कर. तू निवृत्त झालास तेव्हा मी दिलेलं कोटाचं कापड अजून ट्रंकेतच असेल, कारण तू चिकट आहेस. ते घेऊन मास्तरांकडे जा. दार उघडेपर्यंत रोज जा. हात रिकामा असताना थरथरतो की काम करतानाही, ते बघ. पुष्कळदा कामाला लागला की असा हात शांत होतो. डॉक्टरांना दाखवलं नसेल तर सोबत जा. सुईत दोरा ओवायला त्रास होत असेल, तो तू ओव. आणि तोंड बंद ठेव. प्रार्थना करायची तर तशीच कर.

रागावले आहे, पण आशीर्वाद कमी केलेले नाहीत.
ताई

ता. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तीन दिवस दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी मास्तरांनी कापडाकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि गळ्यातली टेप काढली.

तुझं खरं निघालं. मांडीवर ठेवलेला हात थरथरतो, कापडावर ठेवला की थांबतो. डॉक्टरांकडे जाऊन आलो, गोळ्या सुरू आहेत. आता दुपारभर मी त्यांच्यासमोर बसून सुया ओवतो. बटणंही लावली असती, पण माझी बटणं बघून त्यांनी ती उसवली.

कोट घालून रविवारी मुद्दाम मॅनेजरांच्या शेजारी बसलो आणि एक तरी टीप वाकडी काढून दाखवा म्हणालो. त्यांनी चष्मा लावून शोधली. झग्यांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणे प्रार्थना फळाला आली.

शेवटी काल मास्तरांची माफी मागितली. चिठ्ठी भल्यासाठीच दिली होती, असंही निर्लज्जासारखं म्हणालो. ते म्हणाले, कळलं होतं. मग सुई टोचून ठेवत त्यांनी आठवण करून दिली. तुझ्या भाच्याने माझ्याशी बोलणं टाकलं तेव्हा मी एकदा जिन्यात त्यांच्याजवळ रडलो होतो. मी तर विसरूनही गेलो होतो. तेव्हापासून सहा वर्षं ते रोज नमाजानंतर त्याच्यासाठी दुआ मागतात. मी विचारलं, हे कुणाला ठाऊक आहे? म्हणाले, ज्याला सांगायचं त्याला.

ताई, मी मान वर करू शकलो नाही.

तुझ्या शिव्या चालू ठेव.
धाकटा

ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. या खेपेला शिव्या नाहीत.

माझ्या काखेत गाठ आहे. जानेवारीपासून आहे. गुरुवारी काढणार आहेत. मी नर्स आहे, मला खोटा धीर नको. मी स्वतः घाबरले आहे.

मंडळाला कळवू नकोस. मास्तरांना सांग.

तुझी
ताई