दुकानाशेजारचं दार

एनिस्टायमन,
ऑगस्टअखेर

प्रिय मॅलकी,

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर तुझी बहीण अट्रॅक्टा भेटली. तुझी बायको अ‍ॅग्नेस देवाघरी गेल्यापासून ग्लासगोत तुझं मन लागत नाही, पुढच्या महिन्यात तू कायमचा तिच्याकडे येतोयस, म्हणाली. आणखीही एक सांगितलंन, पण ते शेवटी.

आमच्या घराची डागडुजी चाललीय. जुन्या वास्तूंच्या यादीतलं घर, बाहेरून खिळासुद्धा हलवायचा नाही. दुकानावरच्या पाटीतलं तू रंगवलेलं ‘कॉन्सिडाइन’ पाहून कचेरीतल्या बाई म्हणाल्या, “या अक्षरांना कुणी ब्रश लावाल तर खबरदार!” बाबांचं रंग-तेलाचं दुकान कधीच बंद झालं, तरी ओल्या दिवसांत फळ्यांमधून अजून अळशीच्या तेलाचा वास येतो. अडलंय ते फक्त दुकानाशेजारच्या, घराच्या दाराशी. कॉर्मॅक सुतार आठवडाभर विचारतोय, “बाई, हे मोकळं करू, की झोपू दे तसंच? यातून येतंय कोण?”

खरंच कोण येणार! रोजची माणसं दुकानातूनच आत यायची. घराचं दार पाद्रीबाबांसाठी, डॉक्टरांसाठी, नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. आई त्यातून गेली, बाबा गेले, मग रंगाच्या थरांनी ते चौकटीला चिकटूनच बसलं. नवरी काही निघाली नाही. दुपारी त्याच्यावरच्या अर्धगोल काचेतून ऊन फरशीवर उतरतं, पंख्यासारखं उलगडतं आणि सावकाश जिना चढून जातं. मी पायरीवर बसून बघत राहते. त्या उन्हात मी अजून निळ्या फ्रॉकमध्ये उभी असते.

त्या शनिवारी तू येणार होतास. मी दारावरची पितळी कडी इतकी घासली की आई म्हणाली, “अगं, झिजेल ती!” दार वाजल्याशिवाय मुलीनं उघडायचं नसतं, ही शाळेतल्या सिस्टर बेनिग्नसची शिकवण. म्हणून मी आत खिटीवर हात ठेवून उभी. आणि तुझा आवाज आला तो भिंतीपलीकडून, दुकानातून.

“काय रे मॅलकी, नवा सूट? कोण गेलं?” बाबांनी विचारलं. गिऱ्हाइकं हसली.

“अर्धा पौंड पुट्टी द्या, मिस्टर कॉन्सिडाइन.”

“सूट घालून पुट्टी? कुठल्या राजवाड्याची खिडकी बसवतोयस, बाबा?”

तू पुट्टी घेऊन गेलास. ऊन फरशीवरून निघून गेलं तरी मी तिथंच होते. मला वाटलं, पुट्टीच हवी होती तर.

रविवारी अट्रॅक्टा म्हणाली, “ती पुट्टी त्यानं उघडलीच नाही गं, दगड झाला तिचा. सुटाच्या खिशात अंगठी होती. रंगाऱ्याचा पोर, तुमच्या घराच्या दाराला हात लावायची छाती झाली नाही त्याची.” मी घरी आले आणि पायरीवर बसले.

आज सकाळी कॉर्मॅकला सांगितलं, “मोकळं कर.” दुपारपर्यंत दार उघडलं, नदीवरचा वारा थेट जिन्यावर चढला. कडी मीच घासली. हे कळवायलाच लिहितेय, मॅलकी. येशील तेव्हा दुकानाकडे वळू नकोस. कडी वाजव. सिस्टर बेनिग्नसचं मी अजून ऐकते, वाजवल्याशिवाय उघडणार नाही.

दारामागे उभी, तुझीच,
फिडेल्मा