जिवतीत लपवलेला गोलकीपर

भाऊ,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्या नावावर एक खोटी गोष्ट सांगत आलो आहे. पहिल्यांदा सांगितली ती तुमच्या शोकसभेत, खाणीच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये, हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारी उभं राहून. म्हणालो, मी आपली टीम सोडून सिमेंट कारखान्याच्या टीमकडे गेलो तेव्हा भाऊंनीच मला सांगितलं होतं, 'पैसा घे, शिल्ड काही चुलीवर शिजत नाई.' लोक रडता रडता हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊच बोलू शकते असं." हे वाक्य मला तिथे उभ्या उभ्याच सुचलं होतं. तुम्ही ते कधीच म्हणाला नव्हतात, हे मला माहीत होतं, आणि बहुधा वहिनींनाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. पुढे हीच गोष्ट मी लग्नांत सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली, निवृत्तीच्या समारंभांत सांगितली. आता घुग्घुसमध्ये ती मला न विचारता दुसरेच लोक सांगतात.

परवा माझ्या मुलीने ती ऐकली. अकरा वर्षांची आहे. केबलवर परदेशातलं फुटबॉल बघते आणि मलाच शिकवते. सांगत होती की तिकडे खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो, कुठल्याही क्लबात जाऊ शकतो. तिचा आवडता खेळाडू असाच मोकळा होऊन जास्त पैसे देणाऱ्या, पण काहीच न जिंकणाऱ्या क्लबात गेला, म्हणून ती दोन दिवस फुगून बसली होती. मी म्हटलं, आमच्याकडेही मोकळाच म्हणायचे, आणि तिला आपली ती गोष्ट ऐकवली. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या भाऊंना जिंकायचंच नव्हतं का?" मी काहीतरी बोलून उठलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मलाही पडला नव्हता. स्वतःची सुटका करून घेताना मी तुम्हाला असा माणूस करून टाकलं होतं, ज्याला शिल्डचं काही नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

तुम्ही खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतात. पहिली पाळी संपली की डबा सायकलला तसाच लटकवून आम्हाला खेळवायला मैदानावर यायचात. मैदान म्हणजे काय, कोळशाची धूळ बसलेला एक चौकोन. गोलकीपर उडी मारून उठला की अर्धा काळा दिसायचा. मी तेव्हा एका ट्रकवाल्या ठेकेदाराकडे गेटवर गाड्या सोडायचं काम करत होतो, आज आहे आणि उद्या नाही असलं. टीमचा गोलकीपर मी, पण मला हातमोजे नव्हते, म्हणून तुम्ही वर्कशॉपमधले वेल्डिंगचे जुने चामडी हातमोजे बोटांपाशी कापून, तळव्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवून दिलेत. उन्हात ते असे तापायचे की बॉल अडवला काय आणि तवा धरला काय, सारखंच. पण बॉल सुटायचा नाही. पूर्ण एक हंगाम मी ते घातले. नंतर बाजारातले घेतले तेव्हा तुम्ही ते उलटसुलट करून पाहिलेत आणि "नाजूक आहे" एवढंच म्हणालात.

जिल्ह्याच्या शिल्डच्या स्पर्धेसाठी दर उन्हाळ्यात सह्यांचे तीन दिवस असायचे. त्या तीन दिवसांत चंद्रपूरला जाऊन खेळाडूने स्वतः रजिस्टरमध्ये सही करायची. ज्या टीमच्या पानावर सही, त्या टीमचा तो वर्षभर. सही होईपर्यंत मोकळा. त्यामुळे त्या दिवसांत बाकीच्या टीम आपापले खेळाडू लपवून ठेवायच्या, कोणी मामाच्या गावी, कोणी थेट नागपूरला, दुसऱ्या कोणी गाठू नये म्हणून. तुम्ही कधी कोणाला लपवलं नाही. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचात. वहिनी अंगणात मडक्यावर लांब रोटी टाकायच्या, आम्ही स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने बसायचो, आणि जेवून सगळे एकाच बसने चंद्रपूरला. जो जेवायला आला नाही तो गेला असं समजायचं. तुम्ही त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचा नाहीत, फक्त वहिनींना आत हाक मारून सांगायचात, "एक ताट कमी." मी सहा वर्षं तिथे जेवलो.

दोनदा आपण फायनलला गेलो आणि दोन्ही वेळा हरलो. दुसऱ्या वेळी माझ्यामुळे. दोन्ही हातांनी सहज धरता आला असता असा उंच बॉल मी एका हाताने, पूर्ण आडवा होऊन धरायला गेलो, कारण त्या बाजूला बायाबापड्यांसकट अर्धं चंद्रपूर बसलं होतं. बॉल बोटांवरून सरकला आणि त्यांच्या माणसाने आरामात आत टाकला. मॅच संपल्यावर तुम्ही बूट सोडत असलेल्या माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "तुले बॉल पकडायले उभा केला होता मी. फोटो काढायले नाई." परतताना बसमध्ये माझ्याच शेजारी बसलात आणि खिशातली सुपारी काढून मला दिलीत. ती मी चघळली, आणि लाज वाटली ती सुपारीचीच जास्त वाटली.

त्याच उन्हाळ्यात सिमेंट कारखान्याचे साहेब आमच्या घरी आले. त्यांची टीम दरवर्षी दुसऱ्या फेरीत घरी जायची आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "हरलो तरी चालेल, ड्रेस स्वच्छ पाहिजे," असं ते खरंच म्हणाले. महिन्याचा पगार ठेकेदाराच्या तिप्पट, राहायला क्वार्टर, आणि वर्षभरात पर्मनंट. मी सत्तावीस वर्षांचा होतो, एक गुडघा सकाळी कुरकुरायला लागला होता, आणि बायकोला पाचवा महिना होता. मी तिला म्हटलं, यंदा आपली टीम जिंकणार आहे गं, भाऊंनी आता सगळी ताकद लावली आहे. ती गहू निवडत होती. म्हणाली, "शिल्ड ठेवायले पहिले घर तं पायजे." तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मला फक्त तुमच्या तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं. साहेबांनी विचारलं, सह्यांच्या दिवसांत तुला जरा बाजूला ठेवू का, तर मी लगेच हो म्हटलं. मी लपलो तो दुसऱ्या टीमपासून नाही, तुमच्या घरच्या ताटापासून लपलो.

लपवायला नेलं ते मात्र कारखान्याच्या जीपमधून, दारावर ठळक नाव लिहिलेल्या, भर दुपारी, बाजारातून. सगळ्या घुग्घुसने पाहिलं. मीही शहाणा, पानवाल्याने हात केला तर मीही हात केला. राजुरा, गडचांदूर, मग घाट चढून जिवती. तिथे जीपच्या ड्रायव्हरच्या बहिणीचं घर होतं, डोंगराच्या उतारावर, पुढे नांगरून ठेवलेली कोरडी वावरं. काम काही नाही. दोन दिवस बाजेवर पडून मी वरच्या वाशांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की आता घुग्घुसमध्ये जेवणं झाली असतील, बस सुटली असेल, वहिनींना सांगून झालं असेल.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास राजदूत मोटारसायकलचा आवाज येतो. तुमच्याकडे राजदूत नव्हती, कोणाची तरी मागून आणली होती, आणि कारखान्याची जीप कुठे गेली ते वाटेत विचारत आला होतात. तुम्ही उतरता, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसता, आणि घरच्या बाईला म्हणता, "पाणी देता का बाई, लय लांब राह्यता तुम्ही." मी बाजेवरून उठून उभा आहे. तुम्ही बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसता. बाई न विचारता तुम्हाला भाकर आणि तुरीचं वरण वाढतात, आणि तुम्ही सगळं जेवता, घाई न करता, जणू याच कामाला आला आहात. हात धुऊन मग विचारता.

"पैसा चांगला देते?"

"देते भाऊ."

"पर्मनंट?"

"एका सालात करतो म्हणे."

"मंग बराबर आहे तुझं." आणि मग माझ्याकडे न बघता, समोरच्या वावराकडे बघत तुम्ही म्हणालात, "तरी थांब. मी आजवर कोनाले थांब म्हटलं नाई. तुले म्हणून राह्यलो. एक साल थांब. यंदा होते आपली."

भाऊ, हेच तुम्ही म्हणाला होतात. पैशाला नावं ठेवली नाहीत, मला उपकार आठवून दिले नाहीत. माझं बरोबर आहे हे कबूल केलंत आणि तरीही मागितलंत. तुम्हाला ती शिल्ड किती हवी होती हे मला त्या बाजेवर कळलं. तोवर मला वाटायचं की तुम्ही आमच्यासाठी खेळवता. तुम्हाला ती स्वतःला हवी होती, अगदी एखाद्याला दारात बैलजोडी हवी असते तशी, आणि इतका उन्हातान्हात घाट चढून तुम्ही ते दुसऱ्याच्या अंगणात सांगितलंत. मी म्हणालो, "पाहतो भाऊ." आपल्याकडे 'पाहतो'चा अर्थ काय असतो ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. तुम्ही मान हलवलीत, रुमाल बांधलात, आणि गाडीला चार किका मारल्यावर ती सुरू झाली. मी पाचवी मारायला पुढे झालो होतो, तेवढ्यात झाली. तिसऱ्या दिवशी मी साहेबांबरोबर चंद्रपूरला जाऊन कारखान्याच्या पानावर सही केली.

पुढचं सगळं साहेबांच्या बोलण्याप्रमाणे झालं. ड्रेस स्वच्छ होता, दुसऱ्या फेरीत हरलो, क्वार्टर मिळालं, मुलगी तिथेच झाली, आणि वर्षाच्या आत मी पर्मनंट झालो. आज ज्या टेबलावर हे लिहितोय ते त्याच नोकरीचं. मला पश्चात्ताप नाही, आणि तो आणून दाखवायचाही नाही. तुम्हाला खोटं रडणं कधीच आवडलं नाही. तुम्ही माझ्या जागी पोंभुर्ण्याकडचा तो तलावावर मासे धरणारा गडी उभा केलात. माझ्याहून वयाने मोठा, बुटका, पायाने जरा मंद, पण हाताला पकडीची सवय. आणि त्याला घेऊन तुम्ही तिसऱ्यांदा फायनलला गेलात.

ती मॅच मी मंडपात, साहेबांशेजारी खुर्चीवर बसून पाहिली. वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. पेनल्टी. त्या गड्याने दोन अडवल्या, दोन्ही दोन्ही हातांनी, छातीशी घेऊन, जसं तुम्ही मला सांगायचात तसं. शेवटची समोरच्या टीमची होती. गेली तर ते जिंकणार, अडली तर पुन्हा एकेक मारायची. तुम्ही बाकावरून उठून मैदानाकडे पाठ केली होती. सगळे तुमच्याकडे किंवा बॉलकडे बघत होते. बॉल उजव्या कोपऱ्यात गेला, त्याची बोटं लागली, आणि तरी आत गेला.

नंतर तुम्ही मंडपापाशी आलात. साहेबांना नमस्कार केलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तू असता तं ते अडली असती." टोमणा नव्हता. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. त्यानंतर आपली टीम फायनलला गेली नाही, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही वर्कशॉपमध्येच छातीला हात लावून बसलात ते उठला नाहीत.

जिवतीचं मी मुलीला सांगणार आहे. तुम्हाला जिंकायचं होतं, आणि तुम्ही मला थांब म्हणाला होतात, हे तिला कळलं पाहिजे. वहिनींकडेही जाईन, त्यांना तोंडाने सांगेन. हे पत्र मात्र कोणाला दाखवता येणार नाही, कारण यात अजून एक गोष्ट आहे. ती शेवटची पेनल्टी मारायला त्यांचा माणूस चालत निघाला तेव्हा मी खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, जाऊ दे आत. माझ्याशिवाय नको. आणि तुम्ही खांद्यावर हात ठेवून जे म्हणालात, ते ऐकून मला इतका आनंद झाला भाऊ, की तुमचा चेहरा कसा दिसत होता हे मी पाहिलंच नाही.