आईच्या पासपोर्टवरचं नाव

अप्पा, आईचा पासपोर्ट झाला. माझाही झाला. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, कागदांवर सही कुणाची घेतली? कुणाचीच नाही. आता तसली साहेबाची सही लागत नाही. आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करायची, झालं. एवढं एकच तुम्हाला कळवलं असतं तरी मला पुरलं असतं, पण बसलेच आहे तर सगळं सांगते.

तुमच्या त्या सकाळी मला अजून दिसतात. आंघोळ करून, गंध लावून तुम्ही व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले. समोर गल्लीतली माणसं हातात सर्टिफिकिटं घेऊन उभी. बाकडं रिकामं असलं तरी कुणी बसत नाही. तुम्ही मूळ कागदावरून बोट फिरवता, मग नकलेवरून, मग पुन्हा मूळ कागदावरून. आतून आई कॉफी आणून ठेवते, ती निवेपर्यंत तुम्ही मान वर करत नाही. मग हिरव्या शाईचं पेन उघडतं. सरकारनं तुम्हाला सहीचा अधिकार दिला होता आणि तुम्ही तो देवानं दिल्यासारखा वापरायचात. लोक वाकून नमस्कार करून जायचे. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटायचा, हेही खरं.

मस्कतच्या शाळेची नोकरी मला लागली तेव्हा मी देवराज मोहल्ल्यातल्या एका स्टुडिओत आईची रेशमी साडी नेसून फोटो काढून घेतले होते. पासपोर्टचा अर्ज भरला, नकला काढल्या आणि इतरांसारखी मीही सकाळी तुमच्यापुढे उभी राहिले. तुम्ही माझे कागद पाहिलेसुद्धा नाहीत. पाण्याच्या तांब्याखाली ठेवून दिले आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं. रात्री जेवताना एवढंच म्हणालात, "लग्न झालं की नवरा नेईल कुठं न्यायचं ते." मी तुमच्याच खात्यातल्या दुसऱ्या साहेबांकडे गेले. ते हसून म्हणाले, घरात अप्पा असताना माझ्याकडे कशाला? आणि संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवलंही. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही मला बोललात ते मी विसरलेले नाही. "ज्या घरात सही आहे, त्या घरातल्या पोरीनं बाहेर सही मागायची नाही." आई चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. शाळेनं थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरी बाई घेतली. पुढं लग्नही जमलं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी येलवालच्या बसनं शाळेत जात-येत राहिले, निवृत्त होईपर्यंत. दादा परदेशी निघाला तेव्हा मात्र त्याचे सगळे कागद तुम्ही एका बैठकीत सह्या करून दिलेत, आणि वर पेढे वाटलेत.

आता दादाच्या मुलीचं लग्न ठरलं, सिंगापूरला. आईला नेणारी मीच. माझ्या अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना आला. हल्ली आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं तरी खात्री करून घेतली, वडिलांचं राहिलं का म्हणून. मी म्हटलं, आईचं पुरे. पासपोर्ट हातात आला तेव्हा मी मागचं पान उघडून बघितलं. तुमच्या नावाची जागा कोरी होती. मी ते पान बसमध्ये दोनदा उघडलं.

माझी परतफेड एवढ्यावर थांबली असती, पण आईनं मला मागं टाकलं. तिचे कागद सोपे होते. आधार, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक, सगळीकडे एकच नाव, तुम्ही लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सगळं जुळतंय अज्जी, बसा. आई बसली नाही. मला म्हणाली, "माझं हेसरु घालायला येतं का विचार त्याला." मी म्हटलं, तुझंच नाव आहे की. ती म्हणाली, "हे त्यांनी ठेवलेलं. माझं, माझ्या बापानं ठेवलेलं."

अप्पा, त्या नावाचा एकच पुरावा होता, तिच्या शाळेचा दाखला, चौथी पासचा. तेवढ्यावर ऐंशी वर्षांच्या बाईला पुन्हा तिच्या नावाची करायची म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, राजपत्र, मग आधार, मग पुन्हा हाच काउंटर. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचं, कशाला अज्जी, आहे ते काय वाईट आहे? आई म्हणायची, वाईट नाही, माझं नाही. गुडघे धरून ती जिने चढली. एकदाही राहू दे म्हणाली नाही. दादा फोनवर चिडला, या वयात ही कसली हौस, अप्पांची पेन्शन अडकेल. ती अडकली, मग सुटली. ते नाव मी इथं लिहीत नाही. इतकी वर्षं संसार करून तुम्ही तिला त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. आता ते तुम्हाला माझ्या पत्रातून फुकट मिळायला नको.

दादानं यातलं काही मनावर घेतलं नव्हतं. सवयीनं त्यानं तिकीट जुन्या नावावर काढलं आणि ते मला मोबाइलवर पाठवलं. मी चष्म्याविना तारीख तेवढी पाहिली. बेंगळूरच्या विमानतळावर दारातच जवानानं अडवलं. पोरगा आपल्याकडचाच होता, कन्नडात नीट बोलला. पासपोर्टवर एक बाई आहे, तिकिटावर दुसरी. मागं ट्रॉल्यांची रांग लागलेली, आई काठीवर रेललेली. तो म्हणाला, जुन्या नावाचाही काही पुरावा असेल तर दाखवा, मी विमान कंपनीच्या माणसाला बोलावतो, ते करून देतील दुरुस्ती. आईच्या जुन्या आधारची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये होती. मी चेन उघडली. आईनं माझं मनगट धरलं आणि त्या जवानाला सांगितलं, "आ हेसरु नंदल्ला, मगा." ते नाव माझं नाही, बाळा.

मी तिच्याकडे बघत राहिले. विमान जाईल गं, म्हटलं. "जाऊ दे," म्हणाली. तिनं काही आवाज चढवला नव्हता. जवानानं मान हलवली, आम्हाला बाजूला खुर्च्या दाखवल्या, आणि विमान गेलं. दादा फोनवर ओरडत होता तेव्हा आई डब्यातली चपाती शेंगाचटणीला लावून खात होती. अप्पा, मी इतकी कधी हसले नव्हते. माझं मस्कत तुमच्या एका सहीवाचून गेलं, आणि तिनं तुम्ही ठेवलेल्या एका नावापायी सिंगापूरचं विमान सोडलं, तेही स्वतःहून. दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढताना दादानं आईचं नाव अक्षर न अक्षर मला विचारून घातलं. आत तपासणीला आईच्या गुडघ्यातल्या धातूनं यंत्र वाजलं. पडद्याआड नेऊन बाई जवानानं तपासलं, नाव विचारलं. आईनं ते मोठ्यानं सांगितलं, पडद्याबाहेर मला ऐकू येईल असं.

लग्न चांगलं झालं. परत येऊन आम्हाला थोडेच दिवस झाले तोवर महालय आला. दादा तिकडे, म्हणून पान ठेवायचं माझ्याकडे. आईनं सगळं केलं, तुम्हाला आवडायची तशी वांग्याची भाजीसुद्धा. म्हणाली, नाव घे आणि ठेव. मी गच्चीवर गेले, कठड्यावर पान ठेवलं, पाणी सोडलं. नाव घेतलं नाही. मनातही घेतलं नाही. म्हटलं, आता कळू दे तुम्हाला, आपण पुढ्यात उभे असताना कुणी आपल्याकडे बघत नाही म्हणजे काय ते.

कावळा लगेच आला. मी मागं सरकायच्या आत त्यानं भातात चोच घातली. खाली आईला मी आनंदानं सांगितलं, शिवला म्हणून. पण खरं सांगायचं तर मी तिथं दुपारपर्यंत उभी राहायच्या तयारीनं गेले होते. तुम्ही अडून बसाल, माझ्याकडून नाव मागाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही काही मागितलं नाही, याचं मला वाईट वाटलं.